वाट विचारण्याची लाज

पावसाळ्यांतील एखाद्या रविवारीं लोणावळ्याच्या बाजारपेठेंत अर्धा तास उभे राहिल्यास एक मौज हमखास पाहावयास मिळते. एक मोटार येते. चिक्कीच्या दुकानांवरून ती सावकाश पुढें जाते, थोड्या वेळानें उलट दिशेनें परत येते, आणि आणखी दहा मिनिटांनीं तीच मोटार तिसऱ्यांदा दर्शन देते. चाक हातीं धरलेल्या गृहस्थांची मुद्रा अशी असते कीं, जणूं ते नगरप्रदक्षिणेसाठींच घरून निघाले होते! काचा बंद असल्यामुळें आंतील संभाषण आपणांस ऐकूं येत नाहीं. परंतु विवाहित श्रोत्यांस तें सांगावयास नकोच. मागच्या आसनावरून "अहो, कोणाला तरी विचारा ना!" अशी विनंती होत असते आणि पुढच्या आसनावरून तिला उत्तर मिळत नसतें.

हा विनोद केवळ आपल्याकडचाच आहे असें नव्हे. मोझेसला आपल्या लोकांसह चाळीस वर्षें रानांत भटकावें लागलें, कारण तो पुरुष होता व त्यानें कोणालाही वाट विचारली नाहीं, असें पाश्चात्त्य देशांतही गमतीनें म्हणतात. ज्या गोष्टीला सारें जग हंसतें तिच्या मुळाशीं कांहीं तरी खरें असतेंच. आणि या गोष्टीच्या मुळाशीं जें आहे तें प्रसंगीं प्राणांवरही बेततें. म्हणून या साध्या विषयाचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

आरंभीं स्वतःची कबुली देतों. तीस वर्षें मीं शाळेंत भूगोल शिकविला. गेल्या वर्षीं श्रावणांत आम्ही कामशेतहून बेडशाचीं लेणीं पाहावयास निघालों. मोटार जांवईबापू हांकीत होते व त्यांच्या शेजारीं मी बसलों होतों. मागें कन्या आणि तिची आई. पाऊस कोसळत होता. बेडशाचें वळण केव्हां मागें पडलें तें आम्हां दोघांसही कळलें नाहीं. थोड्या वेळानें कळलें, पण बोलावें कोणी? सासऱ्यासमोर चूक कबूल करणें जांवईबापूंना जड, आणि भूगोलाच्या मास्तराला तर तें त्याहून जड! मागून दोनदां सूचना आली, दोनदां आम्हीं एकमुखानें सांगितलें, "आलेंच आतां." असें येतां येतां समोर पवना धरणाचें पाणी आलें. तेव्हां आमच्या मंडळींनीं कोणाची परवानगी न घेतां काच खालीं केली आणि डोक्यावर खोळ घेऊन भाताच्या खाचरांतून येणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंना हांक मारली.

"बेडसं व्हय? त्ये मागं ऱ्हायलं की, बाय!" त्या म्हणाल्या. "माघारी फिरा. अन् वढ्याला सकाळधरनं पानी हाय, गाडी अल्याडच लावा."

आम्हांस वाट तर मिळालीच, पण वर जी बातमी मिळाली ती कोणत्याही नकाशांत नव्हती. ओढ्याशीं पोहोंचलों तेव्हां पाणी खरोखरच फरशीवरून वाहत होतें. गाडी अलीकडे ठेवली म्हणूनच आज हें भाषण करावयास मी आपणांपुढें आहें, असें मला कधीं कधीं वाटतें.

मग मनुष्य विचारीत कां नाहीं? माझ्या मतें याचीं कारणें तीन. पहिलें कारण साक्षीदार. एकटा असलेला मनुष्य पानाच्या दुकानाशीं थांबून मुकाट्यानें विचारतो. गाडींत कुटुंब असलें म्हणजे त्याला कंठ फुटत नाहीं. ज्याच्या हातीं चाक तो तेवढ्या वेळेपुरता घरचा कर्ता. आणि "मला ठाऊक नाहीं" असें म्हणणें कर्त्याला गादी सोडल्यासारखें वाटतें. दुसरें कारण चाललेल्या वाटेचा मोह. चुकीच्या रस्त्यानें पांच मैल गेलेला मनुष्य ते पांच मैल वायां गेले असें कबूल करण्यापेक्षां सहावा मैल जाणें पसंत करतो. तिसरें कारण वेग. पायीं चालणारा समोरून येणाऱ्याशीं सहज बोले. बैलगाडीवाला बैल न थांबवितां विचारून घेई. मोटारवाल्यास मात्र थांबावें लागतें, काच उघडावी लागते, पावसाचे शिंतोडे अंगावर घ्यावे लागतात. एवढा खटाटोप करण्यापेक्षां "आलेंच आतां" हें वाक्य स्वस्त पडतें.

याचा अर्थ हा दोष पुरुषजातीचाच आहे असें समजूं नये. चाक पुष्कळ काळ पुरुषांच्या हातीं राहिलें म्हणून विनोदांत पुरुष आला. माझी कन्या हल्लीं स्वतः मोटार चालविते, आणि "बाबा, आलंच आतां" हें वाक्य मीं तिच्याही तोंडून ऐकलें आहे.

त्यांत मावळ हा प्रांत मूळचाच वाट चुकविणारा. पवन मावळ, नाणें मावळ, आंदर मावळ हीं निरनिराळीं खोरीं. त्यांच्यामध्यें डोंगरांच्या भिंती. एका खोऱ्यांतून दुसऱ्यांत जावयाचें तर खिंड नेमकी सांपडली पाहिजे. शिवाय माणसानें येथें पाणी अडविलें. 1915 सालीं खोपोलीचें वीजकेंद्र सुरू झालें. त्यासाठीं लोणावळें, वळवण व शिरोतें येथें तलाव बांधले गेले. स्वातंत्र्यानंतर पवना धरण झालें. तुंग आणि तिकोना हे किल्ले आज पवनेच्या जलाशयाच्या दोन बाजूंस उभे आहेत. डोळ्यांना ते शेजारी वाटतात, पण चाकांना मोठा वळसा घालावा लागतो. ज्या डोंगराकडे पाहून दिशा ठरवावी तो आषाढ-श्रावणांत धुक्यांत लपून बसतो. नांवांचा घोटाळा निराळाच! पुण्याच्या परिसरांत वडगांव मावळ आहे, वडगांव बुद्रुक आहे आणि वडगांव शेरीही आहे. नुसतें "वडगांव" म्हणून निघालेला मनुष्य कोणत्या वडगांवास पोहोंचेल हें देवच जाणे.

ह्या मुलुखाला न जुमानणाऱ्या एका सरदाराची कथा इतिहासांत प्रसिद्ध आहे. शाइस्तेखानाचा मुक्काम पुण्यास असतां त्यानें कार्तलबखानास कोंकणांत उतरण्यासाठीं धाडलें. खानाची फौज लोणावळ्याजवळील कुरवंडें घाटानें खालीं उतरली आणि उंबरखिंडीच्या दाट रानांत अरुंद वाटेवर अडकली. फेब्रुवारी 1661 मध्यें शिवाजी महाराजांनीं तिला तेथें कोंडलें. पुढें जातां येईना, मागें फिरतां येईना, प्यावयास पाणी मिळेना. या फौजेंत माहूरची रायबागन ही शूर स्त्री होती. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारतां'त हा प्रसंग वर्णिलेला आहे. अशा रानांत शिरण्यांत चूक झाली, आतां महाराजांस शरण जाऊन सुटका करून घ्यावी, असा सल्ला तिनें खानास दिला. खानानें तो मानला. जवळची संपत्ति देऊन त्यानें आपली व फौजेची सुटका करून घेतली. वाट चुकणें ही त्याची मोठी चूक खरी; पण सोबतच्या बाईचें म्हणणें त्यानें शेवटीं कां होईना ऐकलें, एवढें शहाणपण त्याच्या पदरीं टाकलेंच पाहिजे.

आतां कोणी म्हणतील, "मास्तर, हें सारें जुनें झालें. हल्लीं प्रत्येकाच्या फोनमध्यें नकाशा असतो." खरें आहे, आणि मी त्या नकाशाचा द्वेष्टा नाहीं. 2002 सालीं पूर्णपणें खुला झालेला मुंबई–पुणें द्रुतगति मार्गच घ्या. तेथें पादचाऱ्यांस, बैलगाड्यांस व दुचाकी वाहनांस बंदी आहे. म्हणजे ज्याला वाट विचारावी असा मनुष्यच त्या रस्त्यावर नाहीं! मुंबईहून येतांना कुसगांवचा फांटा चुकला तर तळेगांवापर्यंत मुकाट्यानें जावें लागतें. अशा ठिकाणीं नकाशा हाच सोबती.

परंतु नकाशा रस्ता सांगतो. रस्त्याची आजची स्थिति त्याला नेहमींच ठाऊक असते असें नाहीं. जानेवारी 2021 मध्यें नगर जिल्ह्यांत एक हृदयद्रावक घटना घडली. कळसूबाईस निघालेल्या तिघांची मोटार रात्रीच्या वेळीं फोनवरील नकाशाच्या आधारें कोतूळहून अकोल्याच्या रस्त्यास लागली. त्या रस्त्यावरील पूल पिंपळगांव खांड धरणाच्या पाण्याखालीं गेलेला होता. मोटार सरळ पाण्यांत गेली. दोघे कसेबसे पोहून बाहेर आले. मोटार चालविणारा बुडाला. त्या बिचाऱ्यास दोष देण्याचा आपणांस अधिकार नाहीं; काळोख्या रात्रीं त्यानें विचारावें तरी कोणाला? पण जें त्या नकाशाला ठाऊक नव्हतें तें आसपासच्या गांवांतील शाळकरी मुलानेंही सांगितलें असतें. त्या मुलाची आणि मोटारीची गांठ पडली नाहीं, एवढ्यावरच एक घर उघडें पडलें. म्हणून वाट विचारणें हें अज्ञानाचें लक्षण नव्हे; तो प्रवासाच्या सिद्धतेचाच एक भाग आहे.

मात्र विचारण्याचीही एक रीत आहे, आणि ती न पाळल्यामुळें पुष्कळांना "गांवचे लोक भलतेंच सांगतात" असें वाटतें. "हीच वाट ना भाज्यास जाण्याची?" असें कधींही विचारूं नये. आपला मावळा सभ्य असतो. पाहुण्याचें मन मोडूं नये म्हणून तो "व्हय, व्हय" म्हणून मोकळा होतो. "भाज्यास कोणत्या वाटेनें जावें?" असें विचारावें, म्हणजे त्याला स्वतःची बुद्धि चालवून उत्तर द्यावें लागतें. "किती लांब आहे?" असेंही विचारूं नये, रोज दोन डोंगर चढणाऱ्याचें "हें काय इथंच" आपल्या दृष्टीनें फार लांब असतें. "चालत किती वेळ लागेल?" असें विचारून आलेल्या उत्तराची दुप्पट करावी. पुढच्या वाडीवर दुसऱ्यासही एकदां विचारून खात्री करावी. आणि शेवटीं, न विसरतां, "आज वाटेंत कांहीं अडचण आहे का?" हा प्रश्न करावा. सर्वांत मोलाचा प्रश्न हाच.

खोपोलीहून खंडाळ्यास चढणाऱ्या जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचें एक लहानसें देऊळ आहे. तेथून जातांना मोटार व ट्रक चालविणारे हात जोडतात, नाणें टाकतात. हा शिंग्रोबा कोण? आख्यायिका अशी कीं, तो घाटांत गुरें-मेंढरें राखणारा एक धनगर होता आणि इंग्रज इंजिनियरांस ह्या घाटांतून वाट काढण्याची जागा त्यानेंच दाखविली. 1856 ते 1863 या काळांत बोरघाटांतून 25 बोगदे खणून आगगाडी वर चढविणारे ते विद्वान लोक. त्यांच्यापाशीं दुर्बिणी होत्या, मोजणीचीं यंत्रें होतीं. तरीसुद्धां धनगराला वाट विचारण्यांत त्यांना कमीपणा वाटला नाहीं, असें आपली लोककथा सांगते. त्या धनगरास पुढें मरण आलें तें इंग्रजांच्याच हातून, असेंही ती सांगते. तो त्यांच्या कृतघ्नपणाचा भाग झाला. लोकांनीं मात्र वाट दाखविणाऱ्याला देव केलें.

ज्याच्यापुढें आपण नाणें टाकतों तो वाटाड्या होता, हें ध्यानांत ठेवावें. त्याच्या जातकुळीचीं माणसें आजही खोळ पांघरून मावळांतील रस्त्यांच्या कडेनें चाललेलीं असतात. पुढल्या खेपेस वाट चुकलां, तर मागच्या आसनावरून सूचना येण्यापूर्वींच काच खालीं करा. शिंग्रोबाला तेवढा नमस्कार पुष्कळ झाला.