कवटीच्या तळाची छिद्रे

परभणी शहरात कवटीचा अभ्यास चालणारी शासकीय वैद्यकीय आणि पशुवैद्यकीय अशी दोन्ही महाविद्यालये आहेत. 1972 साली स्थापन झालेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात गाय, घोडा, कुत्रा अशा अनेक प्राण्यांच्या कवट्या शिकाव्या लागतात. 2023 साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मात्र फक्त माणसाची. मग त्या विद्यार्थ्यांचे काम सोपे आहे का?

कवटी उलटी धरली की तळाला एक मोठे छिद्र दिसते. त्यातून मज्जारज्जू खाली उतरतो. त्याच्या पुढे आणि बाजूंना लहान छिद्रांच्या जोड्या असतात. धमन्या, शिरा आणि मज्जातंतू यांची ही ये-जा करण्याची दारे.

प्राण्यागणिक ही दारे बदलतात. चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या त्रिशाखी मज्जातंतूची खालच्या जबड्याकडची शाखा माणसात अंडाकृती छिद्रातून बाहेर पडते. घोड्यात तिथे स्वतंत्र छिद्र नसते. मोठ्या छिद्राच्या कडेला नुसती खाच असते. वरच्या जबड्याकडची शाखा माणसात वेगळ्या गोल छिद्रातून जाते, तर गाईत ते छिद्र शेजारच्या फटीत मिसळून गेलेले असते.

पण माणसा-माणसांतही फरक असतो. अंडाकृती छिद्राशेजारी मेंदूच्या आवरणाला रक्त पुरवणाऱ्या धमनीचे बारीक छिद्र असते. काही कवट्यांत ते नसतेच. अंडाकृती छिद्राच्या पुढे एका शिरेचे इवलेसे छिद्र काहींना असते, काहींना नसते, काहींना एकाच बाजूला असते. मेंदूतील रक्त मानेकडे नेणाऱ्या शिरेचे छिद्र बहुधा उजवीकडे मोठे असते, कारण डोक्याच्या वरच्या भागातील रक्ताचा मोठा वाटा बहुतेकांत उजवीकडे वळतो.

असे का होते? गर्भात मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या आधी तयार होतात. हाड त्यांच्याभोवती मागाहून घडते. म्हणजे आधी वाट आणि मग दार. आवरणाची ती धमनी कधी डोळ्याच्या धमनीतून फुटते. मग ती डोळ्याच्या खोबणीच्या वाटेने आत शिरते आणि तिच्या नेहमीच्या छिद्राची गरजच उरत नाही.

या फरकांना उपचारात फार महत्त्व आहे. त्रिशाखी मज्जातंतूच्या विकारात चेहऱ्यात विजेच्या झटक्यासारख्या कळा येतात. औषधांनी गुण आला नाही तर कधी गालातून सुई घालून अंडाकृती छिद्रातून मज्जातंतूच्या गाठीपर्यंत नेतात. हे छिद्र जेमतेम 7 मिलिमीटर लांब आणि त्याच्या निम्म्याएवढे रुंद. त्यावर हाडाची पट्टी आडवी आली असेल, तर सुई अडते. शेजारच्या छिद्रात शिरली, तर रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून पुस्तकातल्या आकृतीवर न विसंबता त्या रुग्णाचेच छायाचित्र पाहून सुई नेतात.

फरक दिसला की त्याला व्यंग किंवा वंशाची खूण मानण्याचा मोह होतो. 1920 च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानता मोजली. या असमानतेचा वंशाशी संबंध असावा, असे त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचे मत होते. कर्वे यांच्या मोजमापांत तसा संबंध आढळला नाही आणि त्यांनी तसेच लिहिले.

वर्गात कवटी नसली तरी हा पाठ घेता येईल. विद्यार्थ्यांना दोन्ही हात खाली सोडून मुठी आवळायला सांगा आणि हातांच्या पाठीवरील शिरांची जाळी ताडून पाहायला लावा. डावी-उजवी जाळी अगदी सारखी असलेला विद्यार्थी सापडतो का पाहा.