एग-मोर्तचा बुरूज

सावरकरांच्या १९१० मधील उडीमुळें मार्सेल्स बंदर महाराष्ट्रास परिचित आहे. त्याच्या पश्चिमेचें एग-मोर्त मात्र फार थोड्यांस ठाऊक असेल. फ्रान्सच्या नवव्या लुई राजानें वसविलेल्या या बंदरांतूनच तो १२४८ सालीं धर्मयुद्धास निघाला. पुढें गाळानें जलमार्ग बुजले, व्यापार आटला, आणि म्हणूनच कीं काय, जुना तट अभंग राहिला.

तट पाहावाच; परंतु खरें थांबावें तें कॉन्स्टन्स बुरुजांत. मारी ड्युरां ही प्रॉटेस्टंट स्त्री येथें १७३० पासून ३८ वर्षें कोंडलेली होती. आपलें धर्ममत सोडल्याचें तिनें सांगितलें असतें, तर सुटका होती. तिनें तें सांगितलें नाहीं. बुरुजांतील दगडी कांठावर ‘प्रतिकार करा’ अशा अर्थाचा एकच शब्द कोरलेला आहे. तो तिच्याच हातचा, असें परंपरा सांगते.