राखेची माती, धुळीचं खत

हवाईच्या मोठ्या बेटावर मौना केआ ज्वालामुखीचा ईशान्य उतार थेट पॅसिफिकला भिडतो. समुद्रावरून येणारे ढग या उतारावर अडतात. पायथ्याच्या हिलो शहरात वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो.

इथली माती राखेची. राखेतली काच पावसानं झिजून अ‍ॅलोफेन नावाचं, नीट स्फटिक न बनणारं खनिज तयार होतं. त्याचे कण अतिसूक्ष्म आणि पोकळ. त्यामुळे ही माती स्वतःच्या कोरड्या वजनापेक्षा जास्त पाणी धरते, तरी हाताला चिखल वाटत नाही. जोरात चोळली की मात्र लोण्यासारखी घसरते. तीव्र उतारावर हा स्वभाव परवडणारा नाही; जंगलाची मुळं तिला आवरून धरतात. विशेष म्हणजे, ती एकदा पुरती वाळली की बारीक खड्यांसारखी होते आणि पुन्हा कितीही भिजवली तरी पूर्ववत होत नाही.

अशी माती फॉस्फरसही घट्ट पकडून ठेवते, झाडांना सहज देत नाही. मग हवाईच्या जुन्या बेटांवरची जंगलं जगतात कशावर? त्यांतल्या काउआई बेटावरची काही माती ४० लाख वर्षांहून जुनी, खडकातला साठा जवळजवळ संपलेला. मृदाशास्त्रज्ञ ऑलिव्हर चॅडविक आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं, की तिथला फॉस्फरस मुख्यतः हजारो किलोमीटरवरच्या मध्य आशियातून वाऱ्यानं येणाऱ्या धुळीतून मिळतो! कॅल्शियम समुद्राचे तुषार पुरवतात.

आपल्याकडचा सह्याद्रीही हवाईसारखा लाव्ह्याचाच, पण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मूळ खडक राख नव्हे, बेसाल्ट. कोकणात त्याचाच झिजून जांभा झाला.