एका क्रियापदाचे न्यायालयीन वाचन

अमेरिकेच्या राज्यघटनेची १७९१ साली संमत झालेली दुसरी दुरुस्ती मूळ इंग्रजीत अवघ्या २७ शब्दांची आहे. तीत शस्त्रांसंबंधी 'कीप' आणि 'बेअर' अशी दोन क्रियापदे येतात. मराठीतील 'बाळगणे' या दोहोंना सामावून घेते. त्यामुळे शस्त्र घरात ठेवणे आणि ते अंगावर घेऊन बाहेर पडणे यांतील भेद अनुवादात सहज पुसला जातो. पिस्तूल-परवान्यांचे वाद मात्र नेमके याच भेदावर उभे राहिले.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या 'हेलर' खटल्यात स्वसंरक्षणार्थ घरात पिस्तूल ठेवण्याचा व्यक्तीचा हक्क मान्य केला. उंबरठ्याबाहेरचा प्रश्न अनिर्णित राहिला. २०१२ साली, परवान्यासाठी विशेष कारण दाखवण्याची न्यूयॉर्क राज्याची अट दुसऱ्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने सार्वजनिक सुरक्षिततेशी तोलून वैध ठरवली. त्याच वर्षी सातव्या परिमंडळाने इलिनॉयमधील जवळजवळ सरसकट बंदी घटनाबाह्य ठरवली. 'बेअर' हा शब्द घरापुरता मर्यादित करणे न्यायमूर्ती पोस्नर यांना भाषिकदृष्ट्याच अवघड वाटले.

२०२२ च्या 'ब्रुएन' निर्णयात ६ विरुद्ध ३ मतांनी न्यूयॉर्कची अट रद्द झाली. परवाना-पद्धती टिकली, परंतु हितसंबंध तोलण्याची रीत बाद होऊन निर्बंधाला ऐतिहासिक परंपरेचा आधार आवश्यक ठरला. तंतोतंत जुळणारा पूर्वदाखला नको, तत्त्वाचे साम्य पुरे, असे २०२४ च्या 'रहीमी' निर्णयाने स्पष्ट केले. नागरिकाचा हक्क आणि समाजाची सुरक्षितता यांचा निवाडा अशा रीतीने कोणता पूर्वदाखला ग्राह्य व साम्य किती, या तौलनिक वाचनाच्या प्रश्नांवर येऊन ठेपला आहे.