वाळू एक, बिऱ्हाडे दोन

प्रवाळ म्हटले की खडकाला घट्ट चिकटलेली, फांद्याफांद्यांची रंगीत वसाहत डोळ्यांपुढे उभी राहते. आणि कोळंबी म्हटले की ताटातले कालवण आठवते. परंतु काही प्रवाळ खडक सोडून समुद्रतळाच्या वाळूवर मोकळे राहतात, आणि काही कोळंब्या त्याच वाळूत बिळे खणून संसार थाटतात. काचेच्या मत्स्यालयात या दोघांना एकत्र नांदवायचे झाले तर काय अडचणी येतात आणि त्यावर उपाय कोणते, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा प्रयत्न आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात कशाला पडावे, असे कोणी विचारील. माझा मामेभाऊ मस्कतला एका हॉटेलातील खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाची देखभाल करतो. तो रजेवर गावी आला की दुसरे बोलतच नाही. त्याच्याकडून जे ऐकले ते मी पुढे पुस्तकांतून पडताळून पाहिले.

प्रथम प्रवाळाविषयी. प्रवाळ हा प्राणी आहे, वनस्पती नव्हे. त्याचे मऊ शरीर स्वतः तयार केलेल्या चुन्याच्या सांगाड्यावर पसरलेले असते आणि त्या शरीरात सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. हे शैवाल प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करते व त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. म्हणूनच प्रवाळाला उजेड लागतो. वाळूवर राहणाऱ्या प्रवाळांपैकी ‘फंजिया’ हे भाकरीसारखे वाटोळे असते. बालपणी ते एका देठावर चिकटलेले असते. पुढे देठापासून सुटते आणि उरलेले आयुष्य वाळूवर मोकळे काढते. ‘ट्रॅकीफिलिया’ हे घड्या पडलेल्या मेंदूसारखे दिसते, तर ‘कॅटालाफिलिया’ आपल्या सांगाड्याचे निमुळते टोक मऊ गाळात रोवून बसते.

वाळूवर राहायचे म्हणजे अंगावर वाळू पडणारच. त्यासाठी या प्रवाळांजवळ युक्त्या आहेत. ती चिकट स्राव सोडतात, अंगावरच्या सूक्ष्म केसांनी कण कडेला लोटतात आणि शरीरात पाणी भरून फुगतात, म्हणजे वाळू घसरून पडते. उलटे पडलेले फंजिया अशाच रीतीने अंग फुगवून हळूहळू सुलटे होऊ शकते. पण हे सारे फुकट होत नाही. स्राव तयार करण्यात अन्न खर्ची पडते, आणि वाळूखाली झाकलेल्या शरीराला ना उजेड मिळतो ना पुरेसा प्राणवायू. एखाद्या वेळी वाळू पडली तर प्रवाळ ती झटकून टाकते. रोज एकाच जागी पडत राहिली तर ते थकते, झाकलेला भाग कुजू लागतो, आणि कित्येक वर्षे वाढलेला जीव थोड्या दिवसांत संपतो.

आता कोळंबीकडे वळू. येथे अभिप्रेत आहे ती ‘अल्फियस’ कुळातली, जिला पिस्तूल कोळंबी म्हणतात. तिची एक नांगी दुसरीपेक्षा बरीच मोठी असते. ती नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्याची धार सुटते आणि त्या धारेमागे एक बुडबुडा निर्माण होतो. टक्‌ असा जो आवाज होतो तो नांगी आपटल्याचा नसून तो बुडबुडा फुटल्याचा असतो, हे शास्त्रज्ञांनी २००० साली दाखवून दिले. या कुळातल्या कोळंब्या आपल्या कोकण किनाऱ्यावरही आहेत. ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांपाशी उभे राहिले की ती टकटक ऐकू येते. आमच्या घरी कोळंबी ही पाटीत भरून विकायची वस्तू. ती घर बांधते, दुरुस्त करते आणि शेजारी ठेवते, हे मला कॉलेजात आल्यावरच कळले.

शेजारी म्हणजे गोबी जातीचा लहान मासा. अल्फियसच्या काही जातींची नजर अधू असते. कोळंबी बीळ खणते, मासा दाराशी बसून पहारा देतो. बाहेर येताना कोळंबी आपली मिशी माशाच्या अंगाला टेकवून ठेवते. धोका दिसला की मासा शेपटी थरथरवतो आणि दोघेही आत पळतात. मात्र वाळूतले बीळ सारखे ढासळत असल्याने खोदकाम कधी संपत नाही. दिवसभर कोळंबी वाळू बाहेर आणून टाकते, आणि भिंतींना आधार म्हणून शिंपल्यांचे व प्रवाळाचे तुकडे ओढून नेते.

भांडणाचे मूळ येथेच आहे. समुद्रात जागा अफाट, वर लाटा आणि प्रवाह. टाकलेली वाळू पसरून जाते. काचेच्या पेटीत ती पडते तेथेच राहते.

भावाच्या मत्स्यालयात नेमके हेच झाले. एक फंजिया रोज सकाळी अर्धे वाळूखाली सापडे. साहेबांनी हुकूम केला, कोळंबी काढून टाक. पण ती धरायची तर सगळे दगड उपसावे लागले असते, आणि तिच्यावाचून मासा उघड्यावर पडला असता. प्रवाळ मेले तर ठपका यायचा तो भावावरच. त्याने आठ दिवसांची मुदत मागून घेतली. रोज सकाळ-संध्याकाळ तो वहीत पेटीचा नकाशा काढी आणि वाळूचा नवा ढीग कोठे पडला ते टिंबाने दाखवी. आठव्या दिवशी पाहिले तो बहुतेक सारी टिंबे दोन दारांच्या पुढ्यात, एका हाताच्या अंतरात. उरलेली निम्मी वाळू कोरी! फंजिया त्या कोऱ्या भागात हलवले. कोळंबी राहिली, प्रवाळही राहिले.

या अनुभवातून आणि वाचनातून निघणारे नियम थोडक्यात असे:

वाळूचा थर आठ-दहा सेंटिमीटर असावा आणि तीत बारीक वाळूबरोबर खडे व शिंपल्यांचे तुकडे मिसळावेत. नुसत्या बारीक वाळूत बीळ टिकत नाही, आणि जितके ते ढासळते तितकी वाळू जास्त उपसली जाते.

दगड वाळूवर न ठेवता पेटीच्या तळावर टेकवून मग भोवती वाळू घालावी. नाही तर कोळंबी खालून पोखरते आणि दगड कोसळतो.

आधी कोळंबी व मासा सोडावेत, त्यांची दारे कोठे होतात ते काही आठवडे पाहावे, आणि त्यानंतरच प्रवाळाची जागा ठरवावी. आपण प्रवाळ हलवू शकतो. कोळंबीला घर कोठे बांध हे सांगू शकत नाही.

सुटे, लहान तुकडे वाळूवर ठेवू नयेत. कोळंबीला तो बांधकामाचा मालच वाटतो.

फंजिया उंच खडकावर चढवून ठेवणे हा उपाय नव्हे. ते फुगते, सरकते, घासून जखमी होते किंवा खाली पडते. त्याची जागा वाळूच. पाण्याचा प्रवाह मंद ठेवावा. इतका की अंगावरचे कण वाहून जावेत, पण तळाची वाळू उडू नये.

शेवटी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. हे वाचून कोणी आपल्या किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणू नये. आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा; २००१ पासून सर्व दगडी प्रवाळांना त्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, म्हणजे वाघाइतकेच संरक्षण आहे. मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत, आणि तेथे १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झाले. आपल्याला पेटी नको, पाण्यात नुसते वाकून पाहिले तरी पुष्कळ दिसते.

परंतु जेथे कायद्याने, रीतसर असे मत्स्यालय ठेवले जाते, तेथे ठेवणाऱ्याने ध्यानात धरावे की काचेच्या आत लाट नाही, भरती-ओहोटी नाही. वाळू पसरण्याचे जे काम समुद्र करतो ते आता त्याच्याकडे आले आहे. खणणारा दोषी आणि निजणारा निर्दोष, असा निवाडा करून एकाला हाकलणे सोपे असते. दोघांनाही वाळू हवी, फक्त एकाच जागची नको, हे कळायला मात्र आठ दिवस वहीत टिंबे काढावी लागतात.

— द्वितीय वर्ष, कला