दुखण्यावरची औषधे : पिवळ्या डबीतला बाम

कपाळाला चोळायचा बाम हेही वेदनाशामक औषधच आहे. गोळी पोटातून रक्तात जाते, बाम कातडीतून जातो, एवढाच फरक. तरी घरातल्या औषधांची यादी सांगताना बामचे नाव कोणी घेत नाही. गेल्या आठवड्यात कबूल केलेले ‘पॅरासिटामॉल आणि यकृत’ मागे ठेवून हा भाग बामला द्यायला निमित्त झाले ते चेन्नईच्या एका मराठी वाचकाच्या प्रश्नाचे. वडिलांना रक्त पातळ ठेवण्याची वॉरफेरिनची गोळी चालू आहे, डॉक्टरांनी ॲस्पिरिनला मनाई केली आहे. मग गुडघ्याला रोज बाम चोळला तर चालेल ना?

प्रश्न चेन्नईहून यावा हे बरेच झाले, कारण अमृतांजनचे घर तिथलेच. जन्म मात्र मुंबईचा. काशीनाथुनी नागेश्वरराव पंतुलु या तेलुगू गृहस्थांनी १८९३ साली मुंबईत हा बाम काढला. सुरुवातीची किंमत दहा आणे, आणि प्रसिद्धीसाठी संगीताच्या मैफलींत तो फुकट वाटला जाई. तासन्‌तास मांडी घालून बसलेल्या रसिकांइतके योग्य गिऱ्हाईक दुसरे कुठले? १९०८ मध्ये त्यांनी मुंबईतच ‘आंध्र पत्रिका’ हे साप्ताहिक सुरू केले. १९१४ मध्ये बाम आणि पत्रिका दोन्ही मद्रासला गेली. मैलापूरच्या लझ भागातली नागेश्वरराव पार्क ही बाग त्यांच्याच नावाची. महाराष्ट्राला हे नाव आणखी एका कारणाने ठाऊक आहे : बोरघाटातला अमृतांजन पूल. १८३० सालच्या त्या ब्रिटिश पुलाला हे नाव पडले ते शेजारच्या जाहिरातीच्या फलकामुळे. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, तो पाडला गेला.

आता डबीच्या आत. या जातीच्या बाममध्ये मुख्य कामकरी तीन : मेंथॉल, कापूर आणि मेथिल सॅलिसिलेट.

मेंथॉल म्हणजे पुदिन्याचे सत्त्व. कातडीतल्या ज्या चेतातंतूंना गारवा कळतो, त्यांच्यावरचे टीआरपीएम-८ नावाचे प्रथिन ते जागे करते. कपाळ थंड होत नाही, पण मेंदूला तसा निरोप जातो आणि दुखण्याचा निरोप मागे पडतो. ही फसवणूक उपयोगाची आहे. जर्मनीतल्या, १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ताणाच्या डोकेदुखीवर १० टक्के पुदिना तेल कपाळाला लावणे आणि १ ग्रॅम पॅरासिटामॉल घेणे यांच्या गुणात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. तेव्हा ‘बामने काय होतंय’ असे म्हणणाऱ्यांनी थोडे थांबावे.

कापूर ऊब आणि गारवा दोन्हींचा भास देतो. त्याचे पुढे बघू.

तिसरा घटक खरा औषधी, आणि वाचकाच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे. वेष्टनावर तो पुष्कळदा ‘गंधपुरा तेल’ या नावाने येतो, म्हणून ओळखू येत नाही. निलगिरीच्या डोंगरात गंधपुऱ्याची झुडपे वाढतात. पान चुरगळले की बामचाच वास येतो. त्या तेलात जवळजवळ सगळे मेथिल सॅलिसिलेटच असते. ते ॲस्पिरिनचे सख्खे भावंड, आणि तेही जोरकस : ५ मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा शुद्ध तेलात ३२५ मिलिग्रॅमच्या एकवीसेक ॲस्पिरिनइतके सॅलिसिलेट भरते. बाममध्ये त्याचा काही हिस्साच असतो. मुरगळलेल्या पायाला बोटभर बाम लावून कोणाचे काही बिघडत नाही. पण दोन्ही गुडघे, पाठ, खांदे असे रोज चोळत राहिले तर सॅलिसिलेट रक्तात उतरते. वॉरफेरिन घेणाऱ्यांचे रक्त अशा चोळण्याने जादा पातळ होऊन रक्तस्राव झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणून चेन्नईच्या वाचकाला उत्तर : रोज चोळणे नको, डॉक्टरांना बामचे नाव सांगावे आणि रक्ताची आयएनआर तपासणी चुकवू नये. ॲस्पिरिनने दमा उसळणाऱ्यांनीही हा बाम टाळावा.

बाम चोळून वर गरम पाण्याची पिशवी ठेवणे किंवा पट्टी आवळून बांधणे ही घरोघरची रीत सोडून द्यावी. उष्णतेने औषध भराभर आत जाते, कातडी भाजते. मेंथॉल आणि मेथिल सॅलिसिलेट असलेल्या मलमांनी भाजल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये जाहीर इशारा दिला होता.

राहिला कापूर. चेन्नईच्या घरांत तो दोन प्रकारचा असतो : आरतीचा, आणि सक्करै पोंगलमध्ये चिमटीच्याही अंशाने पडणारा पच्चै कर्पूरम. दुसरा खाण्याचा म्हणून पहिलाही चालेल असे कोणी समजू नये. सुमारे १ ग्रॅम कापूर तान्ह्या मुलाच्या जिवावर बेतू शकतो, आणि आकडी काही मिनिटांत येते. सर्दी झाली म्हणून दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाकाखाली बाम लावू नये. कापूर-मेंथॉलच्या वाफेने त्याचा श्वास अडखळू शकतो.

मुलाने बाम किंवा कापूर खाल्लाच, तर बोटे घालून उलटी काढू नका, मीठपाणी पाजू नका. डबी हातात घ्या आणि १०८ला फोन करून थेट रुग्णालय गाठा. किती खाल्ले याचा अंदाज डॉक्टरांना त्या डबीवरूनच येतो. पॅरासिटामॉल आणि यकृत पुढच्या आठवड्यात.