एक वाटी समुद्र, तीन वाट्या गोडं पाणी

आमच्या रसायनीला पाताळगंगा आहे आणि पुढे ती धरमतरच्या खाडीला मिळते. तरीही स्वयंपाकासाठी खारं पाणी आणायला मी थेट अलिबागपलीकडे आक्षीला जाते. कारखान्यांचं आणि वस्त्यांचं सांडपाणी नदीवाटे खाडीत उतरतं. पाणी उकळलं की जंतू मरतात, पण रसायनं आणि जड धातू तसेच राहतात. पाणी आटेल तसं त्यांचं प्रमाण वाढतंच. घरामागे नदी असून ही पायपीट करावी लागते, याचं मला फार वाईट वाटतं.

पाणी पावसाळ्यात भरू नये, तेव्हा समुद्र गढूळ असतो. हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात, भरती चढत असताना, ओढ्याच्या मुखापासून लांब जाऊन भरावं. घरी चौपदरी सुती कापडातून गाळून खळखळून उकळावं.

लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणून ते नुसतं वापरता येत नाही. एका वाटीला तीन वाट्या गोडं पाणी घालून त्यात भुईमुगाच्या ओल्या शेंगा उकडाव्यात, वरून मीठ घालू नये. गॅस बंद केल्यावर शेंगा तासभर त्याच पाण्यात ठेवाव्यात. मग दाण्यापर्यंत चव उतरते.

मीठही घरी होतं. माझं माहेर पेणकडचं, मिठागरवाल्यांचं. तिथे उधाणाचं पाणी आत घेऊन उन्हाने टप्प्याटप्प्याने आटवतात. मी तेच गच्चीवर स्टीलच्या परातीत, वर पातळ कापड बांधून करते. ॲल्युमिनियमचं भांडं नको, खारं पाणी ते खातं. आधी तळाला पांढरी पूड बसते, ते जिप्सम; ते गाळून टाकायचं. पाणी दहाव्या हिश्शावर आलं की चौकोनी कण तरंगायला लागतात आणि जड झाले की बुडतात. ते झाऱ्याने काढायचे. उरलेलं पाणी मात्र फेकावंच, त्यातल्या मॅग्नेशियममुळे मीठ कडवट होतं. पाच लिटरमागे शंभरेक ग्रॅम मीठ हाती येतं.

एवढं करायलाही एकेकाळी कायदा आड येत होता. 1930च्या सत्याग्रहानंतर, मार्च 1931च्या गांधी-आयर्विन करारात, मीठ जिथे तयार होतं त्या भागातल्या गावकऱ्यांना घरापुरतं मीठ करायची मोकळीक मिळाली.

या मिठात पुरेसं आयोडीन नसतं, म्हणून रोजच्या आमटी-भाजीला पाकिटातलंच घ्यावं. हे मी बरणीत राखून ठेवते ते थंडीतल्या पोपटीसाठी. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा आणि हे खडे. पोपटीत पाणी घालत नाहीत, तेव्हा मीठ वरून भुरभुरू नये. प्रत्येक थराला शेंगांना हाताने चोळावं.